मोसम कोण ठरवतो?

आपण उर्दूत आणि मराठीत सहज ‘मोसम’ म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी, ‘मौसिम’. त्याचा धातू व-स-म. अर्थ खूण करणे, डाग देणे. जनावरावर मालकीची खूण म्हणून जो डाग देतात तो ‘वस्म’. तेव्हा मौसिम म्हणजे खूण केलेला काळ. अरबस्तानात इस्लामपूर्व काळापासून उकाजसारखे बाजार ठरलेल्या महिन्यांत भरत, त्यांना मौसिम म्हणत. हजच्या दिवसांना आजही मौसिमच म्हणतात. अरब खलाशी ज्या वाऱ्यांच्या भरवशावर कोकण आणि मलबारच्या किनाऱ्याला लागत, त्या वाऱ्यांच्या काळालाही हाच शब्द होता. पोर्तुगिजांनी तो उचलला आणि पुढे इंग्रजीत त्याचा ‘मान्सून’ झाला.

या शब्दाची तवारीख सांगण्याचे कारण एवढेच, की त्यात एक प्रश्न लपलेला आहे. काळावर ही खूण करतो कोण? हजारो वर्षे ती खूण वाऱ्याने केली, पिकाने केली, चंद्राने केली. सुगी आली की माणसाच्या हातात पैसा येई, थंडी आली की घोंगडी काढावी लागे, ईद आली की नवा जोडा शिवला जाई. बाजार या सर्वांच्या मागून चालत असे. एकोणिसाव्या शतकात ही चाल उलटी झाली. दुकान पुढे गेले आणि मोसम त्याच्या मागून येऊ लागला. आज तालुक्याच्या गावातही काचेवर ‘समर कलेक्शन’, ‘न्यू अरायव्हल’, ‘जानेवारी सेल’ अशा पाट्या लागतात आणि त्या पावसाइतक्याच नैसर्गिक वाटतात. पण त्यांना जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात औद्योगिक क्रांती शिकवतो तेव्हा धावता धोटा, सूतकताईची यंत्रे आणि वाफेचे इंजिन शिकवतो. कापड कोणी विणले ते मुलांना कळते, पण एवढे ढीगभर कापड लोकांच्या गळ्यात कसे उतरवले हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही. तो राहिलेला धडा इथे मांडण्याचा विचार आहे.

जुने दुकान, नवे दुकान

पॅरिसमधले जुने कापडाचे दुकान आपल्या पेठेतल्या दुकानाहून फार वेगळे नव्हते. जागा अंधारी, माल आतल्या फडताळात. एकाकडे लोकर, दुसऱ्याकडे रेशीम, तिसऱ्याकडे छत्र्या. मालावर किमतीची चिठ्ठी नसे. गिऱ्हाईक पाहून भाव सांगायचा आणि गिऱ्हाइकाने घासाघीस करून तो उतरवायचा. एकदा उंबरठा ओलांडला की काही घेतल्याशिवाय बाहेर पडणे संकोचाचे. नफा मोठा धरायचा आणि थोडे विकायचे, ही रीत. त्यामुळे एखादा तागा वर्ष-दोन वर्षे फडताळात पडून राहिला तरी मालकाची झोप उडत नसे.

शतकाच्या पूर्वार्धातच या रीतीला तडे जाऊ लागले होते. ‘नुव्होते’ची, म्हणजे नवलाईच्या मालाची, मोठी दुकाने निघाली होती. अशाच एका दुकानात आरिस्तिद बुसिको नावाचा तरुण नोकरीस होता. जन्म १८१०चा, नॉर्मंडी भागातल्या बेलेम या लहान गावचा, टोप्या करणाऱ्याचा मुलगा. १८५२ साली तो ‘बॉन मार्शे’ या दुकानात भागीदार झाला. या नावाचा अर्थच मुळी स्वस्त, फायद्याचा सौदा. तेव्हा दुकानात १२ नोकर आणि ४ विभाग होते, वर्षाची विक्री पाच लाख फ्रँकच्या आसपास. १८६० पर्यंत ती पन्नास लाखांवर गेली. १८६३ मध्ये बुसिकोने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. १८६९ मध्ये नव्या इमारतीचे काम सुरू झाले, लोखंडाचे खांब आणि वर काचेचे छत. पुढच्या बांधकामात गुस्ताव्ह आयफेल यांच्या कारखान्याचाही हात होता. १८७७ मध्ये बुसिको वारला त्या सुमारास विक्री सात कोटी फ्रँकच्या पलीकडे पोहोचली होती. जगातल्या पहिल्या खऱ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये त्याची गणना होते.

त्याचे नियम मोजके होते. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली, ती सर्वांना सारखी. आत येऊन नुसते पाहून गेले तरी चालेल. नेलेली वस्तू पसंत पडली नाही तर परत. नफा कमी, पण माल भराभर फिरला पाहिजे. यातले सगळे त्याने शोधले असे नव्हे. एक भाव आणि रोख पैसे, ही पद्धत जपानमध्ये मित्सुइ घराण्याच्या ‘एचिगोया’ या कापडाच्या दुकानाने सतराव्या शतकातच रूढ केली होती. हे दुकान १६७३चे. पुढे त्यातूनच ‘मित्सुकोशी’ हे प्रसिद्ध दुकान झाले. तेव्हा एक भाव ही युरोपने जगाला दिलेली देणगी, असे समजण्याचे कारण नाही.

आणि एक गोष्ट खुल्या मनाने मान्य केली पाहिजे. लिहिलेली किंमत ही दुबळ्या गिऱ्हाइकाची ढाल होती. ज्याला घासाघीस जमत नाही, जी बाई एकटी बाजारात आली आहे, जो खेड्यातून आला आहे, त्याला चिठ्ठीवरचा आकडा फसवत नव्हता. नव्या दुकानाला लोकांनी जे प्रेम दिले ते काही केवळ झगमगाटाला भुलून दिले नाही.

वर्षाचे तुकडे

पण मोसमाचा उगम याच हिशोबात आहे. समजा, दोन व्यापाऱ्यांनी सारखीच रक्कम मालात घातली. पहिला मोठा नफा घेतो आणि वर्षात एकदा माल संपवतो. दुसरा थोड्या नफ्यावर तोच पैसा वर्षात चार-पाच वेळा फिरवतो. दुसरा पुढे जातो, पण एका अटीवर. त्याचे फडताळ सतत रिकामे झाले पाहिजे. पडून राहिलेला तागा त्याच्या दृष्टीने जागेचे भाडे खाणारा पाहुणा. म्हणून नवा माल येण्याआधी जुना जायला हवा आणि गिऱ्हाईक यावे यासाठी प्रत्येक महिन्याला काहीतरी निमित्त हवे. निसर्गाचे मोसम चार; दुकानाला ते पुरेनात.

तेव्हा बॉन मार्शेने वर्षाचे तुकडे पाडले. नाताळ आणि नववर्षाच्या भेटी आटोपल्या की जानेवारी हा कापडवाल्यांचा मेलेला महिना. त्या महिन्यात ‘ब्लाँ’, म्हणजे पांढऱ्या मालाची विक्री ठेवली: चादरी, अभ्रे, टॉवेल, मेजपोस, आतले कपडे. बाहेर पडणारे बर्फ पाहून बुसिकोला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, हिशोब मात्र पक्का होता. वसंत लागताच उन्हाळी कपड्यांची नवलाई. उन्हाळा ओसरला की गालिचे, पडदे, फर्निचर, म्हणजे घर नव्याने मांडण्याचा मोसम. मग हिवाळी कोट. डिसेंबरात खेळणी आणि भेटवस्तू. अशा रीतीने वर्षातला एकही महिना बिनकामाचा राहिला नाही.

नव्या मोसमाची विक्री उघडायचा दिवस हा एक सोहळा असे. आधी लाखो सूचिपत्रे टपालाने रवाना होत. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना कापडाचे नमुनेसुद्धा पाठवत. वर्तमानपत्रांत जाहिराती येत. आदल्या रात्री नोकर मांडणी करत बसत. सकाळी दारे उघडली की बाहेर बग्ग्यांची रांग. बायकांबरोबर आलेल्या नवऱ्यांसाठी वाचनाची खोली ठेवलेली असे. मुलांसाठीही करमणुकीची सोय होती. कंटाळून कोणी लवकर घरी जाऊ नये, एवढाच त्यातला हेतू.

कादंबरीकार एमिल झोला यांनी या दुकानांत तासन्‌तास फिरून टिपणे घेतली आणि १८८३ मध्ये ‘ओ बोनर दे दाम’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा सांगाडाच तीन मोठ्या विक्रीच्या दिवसांवर उभा आहे: हिवाळी नवलाई, उन्हाळी नवलाई आणि शेवटी पांढऱ्या मालाचा महोत्सव. पहिल्या विक्रीच्या दिवशी दुकानाच्या प्रवेशदालनात पूर्वेकडचे गालिचे छतापासून जमिनीपर्यंत मांडलेले दिसतात. तुर्की आणि इराणी कारागिरांचे काम, जणू एखादा शाही तंबू. खप वाढवण्यासाठी पूर्वेचा असा पडदा लावण्याची युक्ती तेव्हा नवी होती. आता ती आपल्याही हॉटेलांत आणि हॉलांत दिसते.

समुद्रापलीकडे अमेरिकेत जॉन वानामेकर यांनी फिलाडेल्फियात रेल्वेच्या जुन्या मालगोदामात १८७६ मध्ये प्रचंड दुकान थाटले आणि १८७८च्या जानेवारीत ‘व्हाइट सेल’ हे नाव रूढ केले. तिथे वसंत आणि शरद ऋतूंतल्या ‘ओपनिंग’ना नाटकाचा थाट आला. दर्शनी काचांवर पडदे ओढून ठेवायचे आणि ठरल्या दिवशी ते वाजतगाजत दूर करायचे. काचेची सजावट हा स्वतंत्र धंदा झाला. त्या धंद्याचे एक मासिक १८९७ मध्ये एल. फ्रँक बॉम यांनी काढले. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ ही मुलांची प्रसिद्ध गोष्ट पुढे लिहिणारे तेच हे गृहस्थ. जादू काचेमागे असो की पुस्तकात, हात एकच होता.

पडद्यामागचे लोक

१८७९ पर्यंत बॉन मार्शेत १,७८८ माणसे कामाला होती. अविवाहित मुली वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत राहत. पगार थोडा आणि विक्रीवर दलाली, अशी पद्धत. त्यामुळे नव्या मोसमाच्या पहिल्या आठवड्यात एकमेकांची गिऱ्हाइके ओढण्याची चढाओढ लागे. आणि मोसम सरला की? पॅरिसच्या दुकानदारीत मंदीच्या महिन्यांत माणसे कमी करण्याची रीत होती. झोला यांनी हे प्रकरण फार जिवंत लिहिले आहे. उन्हाळ्यात गर्दी ओसरली की किरकोळ चुकीवरून नोकराला हिशोब घेऊन जायला सांगतात. ज्या मोसमाने वरच्या मजल्यावरची खोली दिली, तोच मोसम ती काढूनही घेतो. बाहेर घरोघरी शिवणकाम करणाऱ्या बायकांचे हालही असेच. ओपनिंगच्या आधी रात्र रात्र शिवण, नंतर आठवडेच्या आठवडे सुई रिकामी.

बुसिकोला न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे, की त्याने १८७६ मध्ये नोकरांसाठी भविष्यनिर्वाह निधी सुरू केला. त्याच्या मागे त्याची पत्नी मार्गरित हिने कारभार पाहिला आणि नोकरांच्या हिताच्या योजना वाढवल्या. ती १८८७ मध्ये वारली. मालक दुष्ट होता म्हणून माणसे भरडली गेली, असा हा मामला नाही. घड्याळाला काटे असतात तशी त्या मोसमाला माणसे होती. काटा फिरला की माणूस फिरे.

झेलमच्या काठी

आता पॅरिस सोडून श्रीनगरला जाऊ. फार लांबचा पल्ला वाटेल, पण धागा एकच आहे.

नेपोलियनच्या मिसर मोहिमेतून (१७९८ ते १८०१) परतलेल्या अधिकाऱ्यांनी बायकांसाठी काश्मिरी शाली आणल्या आणि फ्रान्सला त्यांचे वेड लागले. सम्राज्ञी जोसेफिनकडे शालींचा मोठा संग्रह होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मोठ्या घेराचे झगे आले. त्यावर मोठी शाल पसरून फार शोभे. श्रीमंत घरच्या मुलीला लग्नात शाल दिली जाई. फ्रेंच व्यापाऱ्यांचे मुनीम श्रीनगरला मुक्काम ठोकून बसत आणि पॅरिसच्या पसंतीचे नमुने विणून घेत. नव्या मोठ्या दुकानांत शालींचा विभाग मानाचा असे.

या शाली विणणारे बहुतेक सगळे मुसलमान कारागीर होते. कानी शालीचे काम एवढे बारीक, की एका शालीला महिनोन्‌महिने लागत, कधी वर्षाहून अधिक. नक्षी विणण्यासाठी एक सांकेतिक लिपी होती. कोणत्या रंगाचा धागा किती वेळा, हे कागदावर खुणांनी लिहिलेले असे आणि विणकर ते वाचत वाचत विणत. त्या कागदाला ‘तालीम’ म्हणतात. आम्हां शिक्षकांना हा शब्द वाचून थबकायला होते. ज्यांना शाळेची तालीम कधी मिळाली नाही, ते ही तालीम अस्खलित वाचत होते.

पण हा हुनर कारागिराचे पोट भरत नव्हता. डोगरा राजवटीत शालीच्या धंद्यावर ‘दाग-ए-शाल’ नावाचे खाते होते. शालीवर सरकारी शिक्का, म्हणजे डाग, पडल्याखेरीज ती विकता येत नसे आणि त्या शिक्क्याचा कर भारी होता. मौसिमच्या मुळाशी जो डाग आहे, तो इथे असा भेटतो. धंदा सोडून दुसरे काम करण्याचीही विणकराला मोकळीक नव्हती. अनेक जण पळून पंजाबात, अमृतसर-लुधियान्याकडे गेले. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या जालडगर भागात शालविणकर गाऱ्हाणे घेऊन निघाले, तेव्हा त्यांच्यावर फौज घालण्यात आली. काही मारले गेले, काही पुलावरून कालव्यात पडून बुडाले. मृतांचा आकडा २८ सांगितला जातो.

आणि मग पॅरिसचा मोसम बदलला. १८७०-७१ मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध झाले, फ्रान्स हरला, खरेदी थांबली. युद्ध सरले तरी शाल परतली नाही. झग्याचा गोल घेर गेला आणि कमरेमागे फुगवटा असलेला झगा आला. शालीने तो फुगवटा झाकला जाई, म्हणून शालच नकोशी झाली. शिवाय स्कॉटलंडच्या पेस्ली गावात आणि खुद्द फ्रान्समध्ये नकली काश्मिरी शाली स्वस्तात निघत होत्या. जी वस्तू कोणाच्याही खांद्यावर दिसू लागली, ती थोरामोठ्यांच्या मनातून उतरली. आपण जिला कोयरी म्हणतो त्या नक्षीला इंग्रजीत आज ‘पेस्ली’ म्हणतात. नक्षी काश्मीरची, नाव स्कॉटलंडच्या गावाचे! गंमत म्हणजे ती नक्कल करणाऱ्या पेस्लीच्या विणकरांवरही त्याच दशकात मागावरून उठण्याची वेळ आली.

श्रीनगरमध्ये माग बंद पडले. त्यापाठोपाठ १८७७ ते १८७९ या काळात काश्मिरात भीषण दुष्काळ पडला. शेतकऱ्याजवळ निदान जमीन होती. विणकराजवळ होती ती बोटे आणि तालीम; दोन्हींना गिऱ्हाईक उरले नव्हते. असंख्य विणकर त्यात गेले. ज्या फॅशनने त्यांना उठवले तिचे नावही त्यांनी ऐकले नसेल. पॅरिसमध्ये तो फक्त एक मोसम होता. दुकानाने शालीचे फडताळ रिकामे केले आणि तिथे तयार कोट मांडले. दुकान चालूच राहिले.

काहिरा आणि मुंबई

ही दुकाने पुढे पूर्वेकडे आली. ‘ओरोस्दी-बाक’ या पेढीने इस्तंबूल, काहिरा, बैरुत, हलब, बगदाद, ट्युनिस अशा शहरांत शाखा काढल्या. काहिऱ्यातले तिचे दुकान पुढे ‘उमर एफेंदी’ या नावाने घरोघरी पोहोचले आणि नासर यांच्या राजवटीत सरकारी मालकीचे झाले. काहिऱ्यात सिकुरेलसारखी इतरही भव्य दुकाने होती. पॅरिसचा हिवाळी माल त्यांच्या काचांमागे लागे, मग बाहेर नाईलकाठचे ऊन का असेना. परदेशी मालाच्या या वर्चस्वाला उत्तर म्हणून तलअत हर्ब यांनी १९२० मध्ये बँक मिस्र स्थापन केली, महल्ला इथे १९२७ मध्ये सूत आणि कापडाची गिरणी काढली. मिसरी माल विकणारी मिसरी दुकानेही पुढे निघाली. २६ जानेवारी १९५२ रोजी काहिऱ्यात जो वणवा पेटला त्यात सिकुरेलसह अनेक मोठी दुकाने जळाली. इंग्रजांविरुद्धचा संताप दुकानांच्या काचांवर फुटला.

मुंबईत कापडाची आग त्याआधी ३१ वर्षे पेटली होती. इथले इंग्रजी दुकान म्हणजे ‘व्हाइटअवे, लेडलॉ’. रॉबर्ट लेडलॉ या स्कॉटिश गृहस्थाने १८८२ मध्ये कलकत्त्यात ते काढले आणि पुढे मुंबई, मद्रास, लाहोर, सिमला, रंगून, सिंगापूर अशा शाखा पसरल्या. उधारी नाही, रोख मोजा आणि न्या, हा त्याचा खाक्या. म्हणून इंग्रज लोक गमतीने त्याला ‘राइट-अवे अँड पेड-फॉर’ म्हणत. मुंबईचे दुकान हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर होते. थंडीचे महिने हा इथल्या गोऱ्या साहेबांचा ‘सीझन’. त्या सुमाराला विलायतेतून आलेला नवा माल काचेमागे लागे. तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर अब्दुल रहमान स्ट्रीट आणि भेंडीबाजार. तिथे बोहरी, मेमन, खोजे व्यापाऱ्यांच्या दुकानांत जुन्या रीतीची घासाघीस चालूच होती. एकाच शहरात दोन बाजार आणि दोन मोसम.

३१ जुलै १९२१ रोजी परळ येथे गांधीजींच्या हस्ते परदेशी कापडाची होळी झाली. जागा होती उमर सोबानी यांच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारातली. उमर सोबानी स्वतः गिरणीमालक, होमरूल चळवळीत आणि पुढे असहकारात उतरलेले मुंबईकर मुसलमान. त्यांचे नाव आज किती जणांना माहीत आहे? होळी योग्य की अयोग्य यावर तेव्हाही वाद झाले. उघड्या माणसांच्या देशात कापड जाळू नये, असे रवींद्रनाथ टागोरांचे मत होते. हे कापड जाळण्यापेक्षा तुर्कस्तानच्या पीडितांना पाठवावे, असे खिलाफतवाद्यांपैकी काहींना वाटत होते. वाद बाजूला ठेवला तरी त्या दिवशी घडलेली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जुलैचा तो दिवस कोणत्याही दुकानाच्या दिनदर्शिकेत नव्हता. कापडाबाबत एक तारीख गिऱ्हाइकांनी ठरवली आणि बाजाराला ती पाळावी लागली. पुढे व्हाइटअवे, लेडलॉच्या त्याच इमारतीत खादीचे भांडार आले. विलायती मोसमाच्या काचेमागे हातमागाचे ताग दिसू लागले.

दोन पंचांगे

आपल्या घरांत मोसमाचे दुसरे एक पंचांग आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. २००० साली तर ईद-उल-फित्र जानेवारीच्या आरंभी आली आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा आली. २०१७ मध्ये तीच ईद जूनच्या पावसात होती. एकाच माणसाच्या आयुष्यात ईदचा जोडा कधी मलमलीचा, कधी लोकरीचा. दुकानाच्या ‘विंटर’ आणि ‘समर’च्या चौकटीत ही ईद मावत नाही. चांदरातीपर्यंत जागणारा शिंपी, मोहम्मद अली रोडचा कापडवाला, मालेगावच्या मोहल्ल्यातला चपलांचा दुकानदार, हे सगळे दोन्ही पंचांगे तोंडपाठ ठेवूनच धंदा करतात.

म्हणून आपण सुटलो, असे मात्र नाही. बाजाराने रमजानचाही ‘सीझन’ केला आहे. इबादतीचा महिना सुरू होण्याआधीच सवलतींच्या पाट्या लागतात. घर नव्याने मांडण्याची जी कल्पना पॅरिसने शरद ऋतूला चिकटवली होती, ती आता ईदला चिकटते आहे: पडदे नवे, सोफ्याचे कव्हर नवे, काचेची भांडी नवी. चांगले कपडे घाला आणि उधळपट्टी करू नका, या दोन्ही गोष्टी आपल्याला एकाच दमात सांगितल्या गेल्या आहेत. आपण पहिली लक्षात ठेवतो. ज्यांचा महिन्याचा पगार पंधरा तारखेला संपतो त्या घरांत दुसरी विसरण्याची किंमत शव्वालचे पुढचे दोन-तीन महिने मोजावी लागते. शाळेची फी थकते ती त्याच महिन्यांत.

आणि या साखळीच्या दुसऱ्या टोकालाही आपलीच माणसे आहेत. १८५७ नंतरच्या काळात मऊ, आजमगढ, बनारसकडचे मोमिन विणकर स्थलांतर करत मालेगावला आणि भिवंडीला आले. १९३०च्या दशकापासून तिथे हातमागाच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. मागणी असली की माग दोन्ही पाळ्या चालतात. मंदी आली, सुताचे भाव चढले की मालक माग बंद ठेवतात आणि कामगाराची मजुरी बंद होते. विणणारा तोच, घेणाराही तोच. ईदच्या आधी त्याच्या हातात मजुरी आली की नाही, यावर मोहल्ल्यातल्या दुकानाची ईद ठरते.

दुकानाच्या मोसमाला शिव्या घालून हे बदलणार नाही. घासाघीशीच्या अंधाऱ्या दुकानात परत जावे असे कोणाला वाटत नाही, आम्हांलाही नाही. चिठ्ठीवरच्या किमतीने, परतीच्या हमीने सामान्य माणसाला मान दिला, हे खरेच आहे. प्रश्न एवढाच, की काळावरची खूण करण्याचा अधिकार आपण संपूर्णपणे दुकानाच्या हाती द्यावा का. इतिहासाच्या तासाला मुलांना नकाशावर पॅरिस आणि श्रीनगर दाखवावे, मधला धागा दाखवावा, जालडगरची गोष्ट सांगावी, उमर सोबानींचे नाव सांगावे. आणि घरी गेल्यावर आपल्या अंगावरचे कापड कुठे विणले गेले, ते विणणाऱ्याचा माग वर्षातले कोणते महिने बंद असतो, एवढे विचारून यायला सांगावे. मालेगाव-भिवंडीच्या वर्गात याचे उत्तर बहुतेक मुलांना अब्बांकडूनच मिळेल.